ओंडक्यासारखी झोप

"रडनं शिका लागते का वं याडी?"

अंजू तेव्हा नऊ वर्षांची असेल. बंजारा तांड्यात एकीचं लग्न ठरलं होतं आणि अंजूची आई, बिजलीबाई, नवरीला ढावलो शिकवत बसली होती. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या पोरीने आईच्या गळ्यात पडून गायचं रडणं. त्याला शब्द असतात, चाल असते, श्वास कुठे तोडायचा तेही ठरलेलं असतं. आर्णीकडच्या त्या तांड्यात बिजलीबाईसारखा ढावलो कुणाला येत नव्हता.

"तुही बारी आली की तुलेही शिकवीन," ती हसून म्हणाली होती.

ती बारी आलीच नाही. सहा वर्षांपूर्वी एका पहाटे अंजू घरातून निघून गेली. कॉलेजातल्या धम्मदीपशी लग्न केलं आणि दोघं बंगळूरला गेली. "या घरात तिचं नाव निघनार नाही," तिचा बाप पूनमसिंग म्हणाला, आणि वर बायकोला म्हणाला, "माय असून झोपली कशी तू?" तेव्हापासून तांड्याने बिजलीबाईला झोपलेली माय ठरवलं. ती कधी काही बोलली नाही. पण अंजूसाठी एक ढावलो तिने मनात बांधून ठेवला होता, आणि कापूस वेचताना तो ओठांवर यायचा: दाराला विचार याडी, मी कितीदा वळले; दार सांगणार नाही, ते तुझंच ऐकतं.

मग गेल्या वर्षी सून उर्वशीने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात अंजू होती! केस कापलेले, डोळ्याला चष्मा. रोज एक इंग्रजी शब्द, नाहीतर वाक्प्रचार, आणि मराठीत त्याचा अर्थ.

बिजलीबाईला एबीसीडी येत नाही. पण 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम हे तिला ठाऊक आहे. 'चिल' म्हणजे डोकं थंड ठेव, हे ती शेळीला सांगते. 'टफ कुकी'च्या दिवशी तर मोठीच गंमत झाली.

"टफ कुकी म्हणजे कणखर माणूस, सहज न मोडणारं," अंजू सांगत होती. "उदाहरणार्थ, माझी याडी, म्हणजे आई."

"अन् कुकी म्हंजे?" बिजलीबाईने विचारलं.

"बिस्कूट, आत्याबाई."

"पाह्य! मायले बिस्कूट म्हनते!" म्हणाली आणि इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. नंतर बराच वेळ पुसतच राहिली.

पूनमसिंग बाजेवर पाठ करून पडलेला असायचा. पण व्हिडिओला उशीर झाला की भिंतीकडे तोंड करूनच विचारायचा, "आज नेट नाही काय?"

त्या दिवशी दोघी कापूस वेचून आल्या. उर्वशीने हातपाय धुतले, मोबाइल उंबऱ्यावर टेकवला.

"आजचा वाक्प्रचार, स्लीप लाइक अ लॉग," अंजू म्हणाली. "लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. ओंडक्यासारखं झोपणं म्हणजे काहीही झालं तरी जाग न येणं. उदाहरणार्थ, मी घर सोडलं त्या पहाटे माझी आई ओंडक्यासारखी झोपली होती."

अंजू हसली. हसून झाल्यावर तिने क्षणभर खाली पाहिलं, आणि व्हिडिओ संपला.

"पुन्हा लावू काय, आत्याबाई?"

"नको." बिजलीबाईच्या नखात कापसाच्या बोंडाचं टोक रुतून रक्त आलं होतं, ते ती बघत राहिली. म्हणजे पोरीलाही तेच वाटत होतं. सहा वर्षं तेच वाटत होतं. "तिले फोन लाव."

"कोनाले?"

"भोळी नको बनू. 'सोयाबीन बियानं' म्हनून नंबर ठेवला न तुनं? लाव."

उर्वशीने सासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. तिने फोन लावला.

"बोल न वहिनी," पलीकडून आवाज आला. व्हिडिओतला नव्हे, घरातला आवाज.

बिजलीबाईने तोंड उघडलं. लग्नाच्या कितीतरी पोरींना शिकवलेले शब्द होते तिच्याजवळ. त्यातला एकही आला नाही.

"अंजू, मी झोपली नव्हती."

बिजलीबाईने मोबाइल तोंडाजवळ ओढला.

"जागीच होती वं. तू चपला हातात घेतल्या. भुऱ्या कुत्रा भुंकाले आला, तं मी दाराआड त्याचं तोंड दाबून धरलं. तू रस्त्याले लागेपर्यंत सोडलं नाही."

बाज करकरली. पूनमसिंग उठून बसला होता. बिजलीबाईने त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर खाली घेतली नाही.

"तू दोन बार वळून पाह्यलं. एकदा काट्याच्या कुपाटीपाशी, एकदा बोरीखाली. मले लई हाक माराची होती, बेटा. पन मी हाक मारली असती तं तू थांबली असती. म्हनून नाही मारली."