उजव्या हाताचा चाकू

माणसानं एक वेळ नवरा उसना द्यावा, पण चाकू देऊ नये, असं मी रोपांच्या नर्सरीत नवीन आलेल्या प्रत्येक बाईला सांगायचे. बायका हसायच्या. माझी धाकटी जाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसायची. आता मी त्या हसण्याचा अर्थ लावत बसते.

आम्ही दोघी कलमं करायचो. रानटी रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर पाडायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळायची. कापणारी मी, आवळणारी ती. आठ वर्षं हेच. मी डावरी. लहानपणी त्या हातावर फुंकणीचा मार खाऊन झाला, पण हात काही बदलला नाही. कुणी म्हणालं की डावरीला कशाला ठेवलीत कामाला, तर मालकीण म्हणायची, "तिचा उजवा हात शेजारी बसलाय ना." म्हणजे माझी जाऊ. ते ऐकायला मलाही गोड वाटायचं.

कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते, दुसरं अंग सपाट. त्यामुळं काप आरशासारखा सरळ येतो. पण उजव्या माणसाचा चाकू डावऱ्याच्या हातात दिला तर तो लाकडात शिरतो नाहीतर बाहेर निसटतो. म्हणून माझा घडीचा चाकू बाजारामागच्या लोहारानं माझ्या हाताला बेतून केलेला होता. घासून घासून पातं निम्मं झालं होतं. तो सदा माझ्या कमरेच्या पिशवीत. सुतळी कापायला तो, पायातला काटा काढायला तो, आणि भांडणात नुसता बाहेर काढून ठेवायलाही तोच.

त्या वर्षी मालकिणीनं हंगामाच्या तोंडावर सांगितलं, "पुढच्या सालापासून कापणारी एकच ठेवणार, पण बारमाही. हंगाम संपला की घरी बसायचं नाही." बोलली सगळ्यांना, बघितलं माझ्याकडे. मी मान खाली घालून काडी तासत राहिले, पण मनात घोडं चौखूर उधळलं होतं. हंगामी मजुरीवर घर चालवणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

आणि आठवड्यातच चाकू हरवला.

संध्याकाळी टाकीवर हात धुताना कठड्यावर ठेवला होता. मागं वळून बघते तर नाही. टाकीखालच्या गटारीत पडला असेल म्हणून मी चिखलात हात घातला. काळा, उग्र वासाचा, शेणखताचा चिखल. जाऊ माझ्याआधी कोपरापर्यंत आत गेली होती. अंधार पडेपर्यंत चाचपत होतो दोघी.

"ताई, रडू नका. सापडेल," ती म्हणाली.

"रडत नाहीये, चिखल गेलाय डोळ्यात."

"बरं, चिखल तर चिखल."

दुसऱ्या दिवशी तिचा दात दुखत होता, ती डॉक्टरकडे गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो, नवा चाकू बघायला. माझ्याजवळ तीनशे होते, चपलांसाठी बाजूला काढलेले. चपलेला तारेचा टाका घातला आणि निघाले. ऊन असं तापलेलं की रस्त्याची माती पिठासारखी उडत होती.

"आधी लोहाराकडे जाऊ," मी म्हणाले.

"त्याच्याकडे कशाला? दाताला आले होते ना, तेव्हा विचारलं मी. पाचशेच्या खाली हात लावत नाही म्हणाला. त्यात पंधरा दिवस लावणार. मालकीण थांबेल का तोवर?"

पाचशे म्हटल्यावर माझे पाय आपोआप दुकानाकडे वळले. माझ्या कामाची किती काळजी या पोरीला, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

हत्यारांच्या दुकानात चष्मा कपाळावर चढवलेला म्हातारा बसला होता. त्यानं तीन चाकू समोर ठेवले.

"भाजीला हवाय का, बाई?"

"झाडाला."

"मग हा घ्या. साडेसहाशे. पितळी कडा, पात्याला कुलूप. जन्मभर बघायला नको."

"जन्मभर बघतच बसावं लागेल, विकत कुठला घेते. तो दाखवा."

दुसरा एकशेवीसचा. लाल मूठ, पातं नव्या ताटासारखं लखलखीत. मी उघडला आणि पातं अंगठ्यानं बाजूला दाबलं. डुगडुगलं. खिळाच ढिला.

"ताई, हाच घ्या की," जाऊ म्हणाली. "धार बघा कशी आहे. शंभराला देतील. उरलेल्यात चपला येतील."

"पहिली धार दुकानदाराची असते, दुसरी आपली. हा दुसऱ्या धारेला टिकायचा नाही."

"तुमचं आपलं काहीतरी."

तिसरा होता हिरव्या मुठीचा, दोनशे ऐंशीचा. पातं मळकट, पण हलत नव्हतं. टोक नखावर टेकवून बघितलं, घसरलं नाही, रुतलं. तळहात थुंकीनं ओला करून मूठ धरली, ती सुटली नाही. रद्दीच्या कागदावर (म्हाताऱ्याचं जुनं वर्तमानपत्र, दुसरं काय) ओढला तर कागद आवाज न करता दुभंगला. एकच खोट, धार दोन्ही अंगांनी होती.

"डावऱ्याचा नाही का?"

"बाई, डावऱ्या चाकूला गिऱ्हाईक वर्षात एक. ठेवून काय करू?"

मी हिरवा घेतला. वीस कमी करायला लावले, वर घासायचा दगड मागितला, त्यानं तुटका दिला. परत येताना जाऊ म्हणाली, "बघा हं ताई, पैसे पाण्यात नको जायला." मी म्हणाले, "चाकू पारखायला मला शिकवू नकोस." तोरा होता तेव्हा अंगात.

तो उतरायला महिना लागला. नव्या चाकूनं दोनशे कलमं केली. दोन्ही अंगांच्या धारेशी हात जुळवायला त्रास झाला, पण काप बरा येत होता. निदान मला तसं वाटत होतं. महिन्यानं बघितलं तर चाळीसेक तगली होती. बाकीच्या काड्या काळ्या पडून वाळल्या होत्या.

मालकीण रांगेतून फिरली. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "काय गं, डावरे, हात गेला का तुझा?"

"चाकू नवीन आहे."

"स्वस्तातला आणला असशील."

जाऊ खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "मालकीणबाई, मी करून बघू का थोडी? माहेराहून भावानं एक चाकू पाठवलाय."

तिनं केली. लागली. शंभरात नव्वद. हंगाम मध्यावर येईपर्यंत कापायच्या पाटावर ती आणि आवळायला मी, अशी जागा बदलली. बारमाही कोण राहणार हे कुणी बोललं नाही, बोलायला उरलं काय होतं. मी हिरवा चाकू घरी नेऊन कांद्यांत टाकला. त्याच्यापेक्षा जास्त राग माझ्या हाताचा यायचा. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून मी तळहात उलटसुलट करून बघायचे. ज्या हाताच्या जोरावर ताठ मानेनं जगले, तोच असा दगा देईल असं वाटलं नव्हतं.

शेवटी परत तीनशे जमवले. जास्त असते तर जास्त नेले असते. लोहाराकडे गेले आणि पाय धरायच्या बेतानं बसले.

"दादा, पाचशे नाहीत माझ्याजवळ. तीनशेत डावऱ्या हाताचा करून द्या, उरलेले फेडीन."

लोहारानं भात्यावरून मान वर केली. "पाचशे कुणी सांगितले? दोनशे साठ घेतो मी. आणि आत्ता वापरता तो कुठाय?"

कांद्यांतून उचलून बरोबर आणलेला हिरवा मी काढून दिला. त्यानं पातं दगडावर टिचकावलं, कानाशी नेलं, नखावर टेकवलं. मी बाजारात केलं होतं तेच सगळं.

"पारख चांगली आहे तुमची. एवढ्या पैशात याहून बरा मिळाला नसता."

"यानं दीडशेवर कलमं मारली, दादा."

"यानं? शक्य नाही. पातं ताठ आहे, धार धरतं. आणा, एक अंग सपाट करून देतो. वीस द्या. तुमच्या जुन्याची धार नाही का उलटी करून दिली, तसं."

"माझ्या जुन्याची?"

"हो की. हंगामाच्या तोंडाला, दात दाखवायला आल्या तेव्हा जाऊबाई आल्या होत्या तुमच्या. म्हणाल्या, ताईंचा हात आखडलाय, आता मीच कापणार, तर उजव्या हाताचा करून द्या. मूठही बदलली. मी म्हटलं, पातं फार बारीक होईल. तर म्हणाल्या, होऊ दे." मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "आखडला नव्हता का हात?"

माझ्या डोक्यात फक्त तो बाजार फिरत होता. धुळीतून माझ्याबरोबर चालली, तीन चाकू बघितले, चपलांची काळजी केली, आणि माझा चाकू तेव्हा उजव्या हाताचा होऊन तिच्या पेटीत पडला होता. चिखलात कोपरापर्यंत हात घालून ती मला म्हणत होती, सापडेल.

पण लोहाराचं एक वाक्य त्याहून खोल रुतलं. यानं शक्य नाही. मग कशानं?

तडक नर्सरीत गेले. मेलेली रोपं शेडच्या मागं ढिगात पडून होती, पट्ट्यांसकट. एक उचललं. घट्ट बांधलेली पट्टी सोडवायची तर नख मोडतं. ही बोट लावताच उलगडली. आतला काप सरळ, स्वच्छ, जसा हवा तसा. दुसरं उचललं, तेही सैल. दहा, वीस, पन्नास. मग जगलेल्या चाळिसांच्या गाठी चाचपून बघितल्या. त्या दगडासारख्या होत्या, आणि त्या सगळ्या पहिल्या दिवशीच्या होत्या. घट्ट बांधायची सवय एका दिवसात थोडीच सुटते. मी त्या ढिगात बसून रडले, आणि या वेळी डोळ्यात चिखल नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या. आम्ही दोघीच पाटावर होतो.

"लोहाराकडे गेले होते," मी म्हणाले.

तिचा हात काडीवर थांबला. "काय म्हणाला?"

"दोनशे साठ म्हणाला. ढिगातल्या गाठीही बघून आले."

तिनं काडी पाटावर ठेवली. मग म्हणाली, "आठ वर्षं गाठी मारल्या मी. कलम लागलं की डावरीचा हात लागला. मेलं की गाठ सैल राहिली असेल. एकदा तरी दिलात चाकू माझ्या हातात?"

"मागितलास कधी?"

"मागितला होता. तिसऱ्या साली. तुम्ही सगळ्यांसमोर ते नवऱ्याचं सांगितलंत. सगळ्या हसल्या. मग मीही हसले."

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही, आणि ती खोटं बोलत होती असंही म्हणवत नाही.

"मग भांडायचं होतंस," मी म्हणाले. "तोंडावर शिव्या घालायच्या होत्यास. माझ्याबरोबर गटारीत हात घालून कशाला बसलीस? मला माझ्याच हाताचा संशय घ्यायला लावलंस तू."

तिनं चाकू पुसला, मिटला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या. तुमचाच आहे."

मी सवयीनं डाव्या हातात घेतला. मूठ नवी, पातं गवताच्या पात्याएवढं उरलेलं. एक काडी तासायला गेले तर तो लाकडात शिरून अडकला. पंधरा वर्षांचा माझा चाकू, पण माझ्या हाताचा राहिला नव्हता.

"ठेव तुलाच," मी म्हणाले. "तुझ्याच हाताला बसतोय तो आता."

मालकिणीला मी काही सांगितलं नाही. घरची लक्तरं वेशीवर कोण टांगणार? फक्त वीस रोपं मागून घेतली. तशाच हिरव्या चाकूनं कापली आणि गाठीही मीच मारल्या. एकही सैल राहू नये म्हणून दात आणि उजवा हात लावून, एकेका गाठीला चार गाठींचा वेळ लागला. बायका बघून हसल्या. जाऊ हसली नाही.

महिन्यानं विसातली अठरा फुटली होती, लालसर पोपटी, बोटाच्या पेराएवढी. मालकिणीनं ती मोजली, मग आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघितलं. ती काही दूधखुळी नाही. म्हणाली, "डावरे, बारमाही तू ये. आणि तुझ्या उजव्या हाताचं काय?"

"शिकतोय," मी म्हणाले. "माझा मलाच शिकवायला लागतोय."

घरी मात्र चूल एकच. त्या संध्याकाळी जाऊ भाकऱ्या थापत होती, मी जवळच बसले होते. सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, ते कांदे तेवढे चिरून घे." जावेनं पीठ झटकलं, कांदा उचलला आणि माझ्या कमरेच्या पिशवीकडे दुसरा हात केला. "ताई, चाकू द्या जरा."

मी तिच्या हातातला कांदा घेतला आणि पिशवीतला चाकू काढून माझी मीच चिरायला लागले.