आमचा दवाखाना

टेबलाशी बसलेल्या पक्कडने जेवणाचा काटा उजव्या हातात धरला, माशाच्या तुकड्यापर्यंत नेला आणि मग डाव्या हातात घेतला. समोरच्या दोघांनी ते पाहिलं आणि मेनूकार्डात डोकी घातली. ऑर्डर तर केव्हाच देऊन झाली होती.

रविवारची दुपार होती. मुळ्याने फोनवर ‘पेरूचं हॉटेल’ म्हटलं, तेव्हा पक्कडने विचारलं होतं, नुसते पेरूच देतात की तिखटमीठही. देश आहे बाई तो, मुळ्या म्हणाला होता, आणि तारवालीने टेबल सांगूनही ठेवलंय.

तिघं दंतवैद्य होते. नावं कॉलेजात पडली ती कायमची. मुळ्या रूट कॅनाल करायचा, तारवाली वेडेवाकडे दात तारांनी सरळ करायची आणि दात उपटायचे ते पक्कडने. तिघांचा मिळून एक दवाखाना होता. इमारत पाडायची ठरल्यावर नवी जागा शोधायला तिघंही बाहेर पडले. मग पक्कड जिन्यावरून पडली, उजव्या मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली आणि शोध दोघांवर राहिला. आता प्लास्टर निघालं होतं. नव्या जागेत कामाला कधीपासून यायचं, एवढंच तिला आज विचारायचं होतं.

मासा ठेवताना वेटरने समजावून सांगितलं होतं. आमच्याकडे हा चुलीवर चढत नाही, लिंबाच्या रसातच मुरतो. आमच्याकडे यासोबत भाजलेला मका खातात. मक्याचे दाणे खडीसारखे होते. एक चावल्याबरोबर मुळ्याने गाल धरला.

“दारात आपलं कार्ड ठेवू दे यांना,” पक्कड म्हणाली. “मका यांचा, दाढा आपल्या.”

तारवाली हसली, आणि विनोदाला लागतं त्यापेक्षा जास्त वेळ हसत राहिली. मग तिने व्यायामाची चौकशी केली. पक्कड म्हणाली, रबरी चेंडू दाबते रोज, जोर हळूहळू येईल म्हणतात. घाई करूच नकोस, मुळ्या म्हणाला. जरा वेळाने तेच त्याने पुन्हा सांगितलं.

जागेचा विषयही त्यानेच काढला. मागच्या आठवड्यात आम्ही टाइल्स पाहून आलो, पांढऱ्याच घेतल्या. पक्कडने मान हलवली. त्या दिवशी ती फिजिओथेरपीला गेली होती, तेव्हा ‘आम्ही’ बरोबरच होतं. प्लंबर कसा छळतोय, वरच्या मजल्यावरचा वकील लिफ्टवरून कसा भांडला, हे सांगता सांगता मुळ्या रंगात आला.

“आणि उजेड काय आहे म्हणून सांगू. आमच्या दवाखान्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या.”

तारवालीने टेबलाखाली पाय हलवला असावा, कारण मुळ्याचा ग्लास हिंदकळला.

“आपल्या,” ती म्हणाली.

“आपल्याच की. मी काय म्हणालो?”

पलीकडच्या टेबलाशी तोच वेटर नव्या मंडळींना सांगत होता, आमच्याकडे हा चुलीवर चढत नाही. पाहुण्यांशी बोलतात तसा आवाज होता, मुळ्याचा लागला होता तसाच.

पक्कडने तोंडातला घास सावकाश संपवला.

“खुर्च्या किती बसतात तिथे?”

मुळ्या तारवालीकडे पाहू लागला.

“दोन,” तारवाली म्हणाली. “तिसरी बसतच नाही असं नाही. पण मग एक्स-रे कुठे ठेवायचा?”

उरलेलं तिने एका दमात सांगून टाकलं. दात काढायला एक सर्जन बोलावल्यावर येणार होते, त्यांच्याशी बोलणं झालं होतं. पेशंट किती दिवस थांबवून ठेवणार. मनगट पहिल्यासारखं झालं की बघू, दार काही बंद नाही, तेव्हाचं तेव्हा बघू. मुळ्या मध्येच म्हणाला, घरी येऊनच सांगणार होतो, पण तुझ्या आईसमोर जीभ रेटली नाही.

“बरं झालं,” पक्कड म्हणाली. “आईने दोघांना कच्चंच खाल्लं असतं. लिंबूसुद्धा न पिळता.”

दोघं हसले. या वेळी मोकळे हसले. मुळ्या खुर्चीत मागे रेलला आणि त्याने वेटरला बोलावून गोड काय आहे विचारलं. आटवलेलं दूध आणि त्यावर अंड्याचा पांढरा फेस, असा एक उंच पेला आला. नेहमीच्या सवयीने त्याने एकच मागवला होता, आणि तीन चमचे.

“तुम्ही घ्या,” पक्कड म्हणाली.

साधंच बोलणं होतं. पण इतकी वर्षं एकेकाला ते ‘तू’ म्हणत आले होते आणि तिघांना मिळून ‘आपण’. मधल्या शब्दाची गरज कधी पडली नव्हती.

मुळ्याने चमचा बुडवला, चव घेतली, छान आहे म्हणाला. तारवालीचा चमचा टेबलावरच राहिला. ती पक्कडकडे पाहत होती. पक्कड वेटरला विचारत होती, बाहेर पडल्यावर बसस्टॉप कुठल्या बाजूला लागतो.

येताना तिघं एकाच गाडीतून आले होते.