वाळलेली पट्टी

साहेब म्हणाले, "तुझ्या बाबांचे ते जुने मातीचे नमुने आज कुटून संपव, कपाट रिकामं हवंय." साहेबांचं काय जातं! बाबांना जाऊन वर्ष झालं. माती तपासायचं त्यांचं काम आता मी करते.

शेवटच्या पिशवीवर त्यांचं अक्षर होतं: 'टेकडीचा पायथा, कमी पाऊस, काळी, चिकण.' आत वाळलेली पट्टी निघाली. ओली माती चिमटीत दाबून ते अशी पट्टी काढायचे. न तुटता लांब निघाली की माती चिकण.

तिच्यावर त्यांचा अंगठा उमटला होता. बाबांचा अंगठा माझ्यापेक्षा चांगलाच मोठा. पण चिकण माती वाळली की आकसते, हे त्यांनीच शिकवलेलं.

बाकीची माती मी कुटली. मग त्या ठशावर अंगठा टेकवला.

नेमका बसला.