खिडकीतले पाहुणे

खिडक्या बदलायचं खूळ रेणूच्याच डोक्यातून निघालं होतं, त्यामुळे आता कुणाला बोल लावायची सोय नव्हती. अमेरिकेत ट्रॉयमधलं त्यांचं घर जुनं. खिडक्यांच्या लाकडी चौकटी कुजलेल्या, आणि थंडी सुरू झाली की फटींतून असं वारं यायचं की तिचे सासरे अप्पा घरातसुद्धा मफलर गुंडाळून बसत. पडदे बारा महिने ओढलेले. शेवटी तिनं नवऱ्याच्या, परीक्षितच्या, मागे लागून प्लास्टिकच्या चौकटींच्या, दुहेरी काचांच्या खिडक्या बसवून घेतल्या. दोन माणसं आली आणि एका दिवसात काम उरकून गेली. वारं बंद झालं. जुने पडदे बुरशीनं काळे पडले होते, ते तिनं आपल्या हातानं कचऱ्यात टाकले. नव्या खिडक्यांना जुनी लक्तरं कशाला?

करायला गेली एक आणि झालं भलतंच. नोव्हेंबरात इथे पाच वाजले की काळोख. बाहेर काळोख, आत दिवा आणि मध्ये ती कोरी करकरीत काच. पहिल्याच संध्याकाळी अप्पा खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले आणि म्हणाले, "अगं रेणू, कोणीतरी आलंय. गृहस्थ थंडीत उभे आहेत बाहेर. दार उघड."

"अप्पा, ते तुम्हीच आहात. काचेत दिसताय."

"मला काय वेडा समजतेस? मी इथे आहे. ते तिथे आहेत."

अप्पांची आयुष्यभराची नोकरी नाशिकला, सहकारी बँकेत. त्यांच्या घरून चहा न घेता कोणी गेलेलं नव्हतं, कर्ज बुडवणारेसुद्धा दोन कप पिऊन जायचे. गेल्या काही वर्षांत विसरभोळेपणानं एकेक करून सगळं नेलं, बायकोचं नाव नेलं, अधूनमधून मुलाची ओळखही नेली, पण आल्यागेल्याचं करायची सवय काही नेली नाही. पाहुणा बाहेर कुडकुडतोय आणि घरची सून लॅपटॉप उघडून बसलीय, याची त्यांना मनापासून लाज वाटायची. मग ते चिडत, ओरडत, दाराशी झटत. मागच्या आठवड्यात तर रेणू ऑफिसच्या कॉलवर असताना ते सपाता घालून बर्फात निघून गेले. शेजारच्या बाईंनी हाताला धरून परत आणून सोडलं.

त्या दिवशी परीक्षितनं विषय काढला होता. "मी त्या वृद्धांच्या होमवाल्यांशी बोललोय, रेणू. एक रूम रिकामी होतेय. पुढच्या संडेपर्यंत होल्ड करतो म्हणालेत."

"आधी खिडक्यांना ब्लाइंड्स बसू देत," ती म्हणाली. "तो माणूस दिसायचा बंद झाला की होतील शांत. एवढ्यासाठी कोणी वडिलांना बाहेर ठेवतं का?"

परीक्षितही दमलेला होता, पण दमून ऑफिसला जायची त्याला सोय होती. दमून घरातच राहायचं ते रेणूनं.

ब्लाइंड्सचंही सुरळीत झालं असतं तर नवल. खिडक्या बसायच्या आधीच तिनं हौसेनं मापं घेऊन ऑनलाइन ऑर्डर देऊन टाकली होती. नव्या चौकटी जुन्या चौकटींच्या आत बसवतात आणि जागा चहूबाजूंनी कमी होते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. आलेले ब्लाइंड्स आत जाईनात. तिनं काचेवर चादर लावून पाहिली. अप्पांनी ती ओढून काढली. "जिवंत माणसाच्या तोंडावर चादर घालतात का?" असं म्हणून ते थरथरायला लागले, तेव्हा तिचा पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

शेवटी शनिवारी दुपारी एका दुकानाची बाई नमुन्यांची बॅग घेऊन घरी आली. परीक्षित अप्पांची औषधं आणि आठवड्याचं सामान आणायला गेला होता. बाई भली होती. टेप लावून तिनं सावकाश सगळी मापं घेतली आणि विचारलं, काय हवंय, ऊन अडवायचंय की आतलं बाहेरून दिसायला नको?

"आतल्या माणसाला कोणी दिसायला नको," रेणू म्हणाली.

बाईनं एकदा अप्पांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. जाड कापडाचे घ्या म्हणाली, दोन्ही कडांना पट्ट्या बसवू म्हणजे फट राहणार नाही. मापानं बनवून यायला महिना लागेल. मग तिनं कापडाचे तुकडे टेबलावर मांडले. सगळे पांढरे. एक दुधी, एक सायीसारखा, एक मोत्यासारखा, आणि बाकीच्यांत काय फरक होता ते त्या दुकानालाच ठाऊक.

रेणू त्या तुकड्यांकडे बघत राहिली. सकाळपासून तिनं अप्पांची पँट निवडली होती, ते अंघोळीला नाही म्हणाले तेव्हा भांडायचं की सोडून द्यायचं ते ठरवलं होतं, कुठली गोळी आमटीत आणि कुठली केळ्यात ते ठरवलं होतं, गॅसची बटणं काढून कुठे लपवायची ते ठरवलं होतं. आता पांढऱ्यातला पांढरा निवडायचा म्हटल्यावर तिला एकदम रडूच फुटेल असं वाटलं. बाईनं तुकडे तिथेच ठेवले, उद्या फोन करा म्हणाली आणि गेली.

बाईची गाडी वळली तेव्हा अंधारायला लागलंच होतं. रेणूनं सवयीनं दिवा लावला, आणि लावल्यावर जीभ चावली. अप्पा उठलेच.

"आले बघ," ते म्हणाले.

रोज ती इथे वाद घालायला लागे. आज अंगात तेवढं बळच नव्हतं. ती नुसती जाऊन त्यांच्या मागे उभी राहिली.

"माझ्याच वयाचे आहेत," अप्पा म्हणाले. "चांगल्या घरचे वाटतात."

"हो, अप्पा."

तिनं हो म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी काचेला नमस्कार केला. पलीकडूनही नमस्कार आला, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग ते जरा पुढे वाकून, डोळे बारीक करून बघायला लागले.

"आज एकटे नाहीत. मागे कोण आहे? सून असेल त्यांची."

रेणूनं पाहिलं. काचेत अप्पांच्या खांद्यामागे एक बाई उभी होती. केस विस्कटलेले, अंगात परवाचाच टी-शर्ट.

"किती दमलीय गं ती," अप्पा म्हणाले. "बघ तरी. उभ्याउभ्या पडेल. तिच्या घरी कुणाला दिसत नाही का? तिला आधी बसायला दे. आपल्या चहाचं मग बघू."

एवढ्या वर्षांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. परीक्षितनं नाही, नाशिकच्या नणंदेनं नाही, तिनं स्वतःही नाही. खुर्ची ओढून ती बसली. काचेतली बाईही बसली.

"हां," अप्पा म्हणाले. "बरं झालं."

तेही शेजारी बसले, आणि बराच वेळ दोघं तिकडे बघत राहिले.

परीक्षित पिशव्या घेऊन आत आला तेव्हा स्वयंपाकघरात अंधारच होता. टेबलावरचे तुकडे बघून त्यानं विचारलं, "कुठला ठरवलास?"

"कुठलाच नाही. मी दमलेय रे. ब्लाइंड्सनं माझा शीण जाणार नाहीये." तिचे डोळे वाहत होते आणि तिनं ते पुसले नाहीत. "त्या होमवाल्यांना हो म्हणून कळव."

तो पिशव्या हातात धरूनच उभा राहिला. "आर यू शुअर?"

"हो. आणि त्यांना सांग, रूमच्या खिडकीचे ब्लाइंड्स संध्याकाळी खाली करू नका म्हणावं. तिथे मराठी बोलायला अप्पांना दुसरं कोण आहे?"