पातेल्यावर झाकण नव्हतं

सुट्टीवर गेल्यावर कुणाला सर्दी होते, कुणाचा पाय मुरगळतो. हेडबाईंच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं गोळी घेऊन थांबण्यातलं नव्हतं.

वरवर पाहता दुखण्यासारखं काहीच नव्हतं. तळ्याकाठचं दुमजली घर, वरच्या दोन खोल्या पाच दिवसांसाठी घेतलेल्या, खिडकी उघडली की समोर पाणीच पाणी. सोबत नवरा, सासूबाई आणि तेरा वर्षांची लेक, जिला सगळे चिमणी म्हणत. चौघं मिळून घराबाहेर पडली त्याला सहा वर्षं झाली होती. साडेतीनशे खाटांच्या हॉस्पिटलचं स्वयंपाकघर हेडबाईंच्या ताब्यात होतं. 'पेशंट सुट्टी घेतात का?' असं त्या हाताखालच्या माणसांना सुनवत, आणि म्हणून स्वतःसाठी सुट्टी मागायला त्यांना तोंड नव्हतं. शेवटी नवऱ्यानंच परस्पर खोल्या ठरवल्या आणि सांगितलं, "येतेस तर ये, नाहीतर आम्ही तिघं जातो." त्या आल्या. सकाळी उठून चिमणीशी निवांत गप्पा मारायच्या, तिच्या शाळेचं, मैत्रिणींचं ऐकायचं, एवढंच त्यांनी मनाशी ठरवलं होतं. अलीकडे ती घरात असूनही भाडेकरूसारखी राहायची, आणि ते त्यांना लागत होतं.

खोल्यांच्या भाड्यात दोन्ही वेळचं जेवण धरलेलं होतं. ते घरमालकीण स्वतः करायची. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, एकटी राहणारी बाई. तिची भाषा वेगळी, यांची वेगळी, त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि हसण्यावर.

पहिल्या संध्याकाळी तिनं तळ्यातली मासळी भाजून ठेवली, सोबत शिजवलेला घेवडा आणि जाड कापलेला पाव. सासूबाईंनी अठरा वर्षांत सुनेच्या स्वयंपाकाला 'बरं झालंय' यापलीकडे एक शब्द खर्च केला नव्हता. त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. नवरा तर बोटं चाटत होता, अक्षरशः.

"वा! याला म्हणतात जेवण!" तो म्हणाला.

"मग मी करते त्याला काय म्हणतात?" हेडबाईंनी विचारलं.

"अगं, तुझं वेगळं. तुझं कसं... पौष्टिक असतं."

हेडबाईंनी मासळीचा काटा ताटाच्या कडेला काढून ठेवला. आपला हात कसा झालाय हे त्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं त्यांनी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांसाठी, रक्तदाबवाल्यांसाठी, दात नसलेल्यांसाठी रांधलं. मीठ तोलून, तेल मापून, तिखट नावापुरतं. घरी आल्यावर तो हात बदलत नाही. आपल्या जेवणानं कुणी मेलं नाही याचा त्यांना अभिमान होता. आता मात्र त्यांना वाटलं, कुणी खूशही झालं नाही. आणि ही बाई कशाचंही माप न घेता चिमटीनं मीठ टाकते आणि माझं अख्खं घर हिच्या ताटावर तुटून पडतं. त्या रात्री त्यांनी जळफळत कूस बदलली.

तरी जेवणाचं एक वेळ सोसलं असतं. खरी कळ दुसऱ्या दिवशी आली.

सकाळी चिमणी अंथरुणात नव्हती. हेडबाई खाली आल्या तर ती घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात तिपाईवर बसून लसूण सोलत होती. घरमालकीण एक वस्तू उचलायची, आपल्या भाषेतला शब्द म्हणायची. चिमणी तो म्हणायची आणि आपला शब्द द्यायची. चमचा. विस्तव. कांदा. बाई 'कांदा' म्हणताना असं काही तोंड करायची की चिमणी खिदळून तिपाईवरून पडायला आली होती. हेडबाईंनी घरी हे हसू कधी ऐकलं होतं, ते त्यांना आठवेना.

"आई, मावशीला आपले अकरा शब्द येतात आता!"

"मावशी?" हेडबाई म्हणाल्या. "मला बहीण नाही. ही मावशी कुठून उगवली?"

चिमणी हसली. तिला तो विनोद वाटला.

घरी स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही, हा हेडबाईंचा शिरस्ता. हॉस्पिटलात चुलींच्या पुढे जमिनीवर पिवळी रेघ होती, परवानगीशिवाय ती ओलांडायची नाही. घरी रेघ नव्हती, पण असल्यासारखीच होती. चिमणी लहान असताना यायची, कणकेचा गोळा मागायची. 'पायात येऊ नकोस, भाजेल' हे शंभरदा ऐकल्यावर यायची बंद झाली. तेव्हा हेडबाईंना बरंच वाटलं होतं. आता तीच पोरगी परक्या बाईच्या विस्तवापाशी ऐसपैस बसली होती, आणि तिला कुणी हटकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हेडबाईंनी ठरवलं, आपणही खाली जायचं. तिघी मिळून काम करू, त्यात काय. त्या अस्तन्या सारून आत गेल्या. चिमणी कांदा चिरत होती. जाडे, वेडेवाकडे तुकडे, जीभ दातात धरून.

"असं नाही धरायचं. बोट जाईल. आण इकडे." त्यांनी सुरी घेतली आणि खट खट खट, बघता बघता चार कांद्यांची बारीक, एकसारखी रास पाडली. वीस वर्षांचा सराव होता तो. मान वर करून कौतुकासाठी पाहिलं, तर चिमणी हात पुसत दाराबाहेर निघाली होती.

घरमालकिणीनं ती रास पातेल्यात लोटली आणि हेडबाईंकडे पाहून नुसती हसली. ते हसू साधं होतं. हेडबाईंना ते नाकावर टिच्चून हसल्यासारखं वाटलं.

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. नवऱ्यानं दुपारसाठी नाव ठरवली, तळ्याला पूर्ण फेरी. सगळे तयार झाल्यावर चिमणी म्हणाली, "तुम्ही जा. मी मावशीजवळ थांबते."

"आपण चौघांनी मिळून जायचं म्हणून आलोय ना?"

"आई, प्लीज. आजच्या दिवस."

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं सूत जमलंय तिच्याशी. इथेच ठेवून जाऊ हवं तर!"

सासूबाई स्वतःच्या विनोदावर खूप हसल्या. नावेत हेडबाई पाण्याकडे पाठ करून बसल्या. नवरा कुठले पक्षी दाखवत होता, त्यांनी एकही पाहिला नाही. चार दिवसांत लेक आपल्याशी किती बोलली, याचा त्या हिशेब करत होत्या. 'माझा टॉवेल कुठाय' हे धरलं तरी फारसं काही जमत नव्हतं.

पाचच्या सुमारास परत आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव पाच वाजता निघतो, दोघी तिकडे गेल्या असणार. सासूबाईंना चहा हवा होता, म्हणून हेडबाई स्वयंपाकघरात गेल्या.

खिडकीजवळच्या ओट्यावर पातेलं होतं, मध्यम, घेवड्याच्या दाण्यांच्या रश्शानं निम्मं भरलेलं. झाकण नव्हतं. हेडबाईंनी सवयीनं बाहेरून हात लावला. पार गार. म्हणजे शिजून दोन-तीन तास तरी झालेले. त्यांनी फडताळातून स्वच्छ चमचा घेतला आणि चव घेतली.

त्या तिथेच थबकल्या. टोमॅटोचा आंबटपणा आधी येत होता, मग भाजलेला लसूण, आणि सगळ्यात शेवटी मीठ, जेवढं हवं तेवढंच. दाणा जिभेवर मोडत होता पण फुटलेला नव्हता. वीस वर्षांत अशी गोष्ट आपल्या हातून एकदाही झाली नाही, हे हेडबाईंना त्या चमच्यानं सांगितलं. जीभ त्यांची चोख होती, खोटं बोलू शकत नव्हती. त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग डोळ्यांपुढे रात्रीचं टेबल आलं. सासूबाई ताट पुढे करणार. नवरा 'वा!' म्हणणार. चिमणी या बाईकडे डोळे भरून बघणार, आणि उद्या गाडीत बसून तिच्याच नावानं रडणार. हेडबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

हॉस्पिटलचा नियम स्पष्ट होता. शिजवलेलं अन्न दोन तासांवर उघडं राहिलं तर फेकायचं, मग ते कुणीही केलेलं असो. घरात एक म्हातारं माणूस होतं, एक मूल होतं. उद्या प्रवास होता. नियम म्हणजे नियम, असं त्या मोठ्यानं म्हणाल्यासुद्धा, रिकाम्या स्वयंपाकघरात. मग पातेलं उचलून मागच्या अंगणात गेल्या आणि खरकट्याच्या बादलीत पालथं केलं.

खरकटं भांडं तसंच ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ते घासलं. बुडाची काजळीसुद्धा काढली. ओट्यावर पालथं घातलं तेव्हा ते नव्यासारखं चकाकत होतं. मग चहा केला आणि सासूबाईंना नेऊन दिला. चार दिवसांत प्रथमच त्यांचं पोट दुखत नव्हतं.

दोघी आल्या त्या पावाच्या वासासकट. चिमणी धावत स्वयंपाकघरात गेली आणि तशीच उलट्या पावली बाहेर आली.

"माझा रस्सा कुठाय?"

"कोणाचा?" हेडबाई म्हणाल्या.

"माझा! मी केला होता. सगळा मी केला, एकटीनं. मावशीनं हातसुद्धा लावला नाही, ती नुसती बसून बोट दाखवत होती. तुझ्यासाठी केला होता, आई. म्हणून तर मी नावेत आले नाही!" तिचा आवाज फाटला. "गरम भांड्यावर झाकण ठेवायचं नाही, पाणी सुटतं, असं तूच नेहमी म्हणतेस ना, म्हणून मी उघडं ठेवलं. आणि आता पातेलं रिकामं आहे."

हेडबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या काही बोलणार तेवढ्यात घरमालकीण दारात आली. तिनं एकदा ओट्यावरच्या लखलखत्या पातेल्याकडे पाहिलं. तिच्या घरात भांडी इतकी कधीच घासली जात नव्हती. मग हेडबाईंच्या ओल्या अस्तन्यांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे हेडबाईंना कळलं.

घरमालकिणीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी," ती म्हणाली. चिमणीनंच शिकवलेला शब्द. मग हातातून भांडं निसटल्याची खूण केली. "मी. पडलं."

चिमणी तिच्याकडे बघत राहिली. "तू? अगं, पण माझा होता ना तो!" आणि रडत वळली, ती थेट आईच्या कमरेला मिठी मारून. तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. "मला तुला खाऊ घालायचं होतं, आई."

हेडबाईंनी तिच्या केसांवर हात ठेवला. केसांना लसणाचा वास येत होता. किती वर्षांनी ही अशी बिलगली. चार दिवस ज्यासाठी जीव तुटत होता ते आयतं कुशीत आलं होतं. बोलायची गरजच नव्हती. उद्या सकाळी निघायचं, पुन्हा या घराचं तोंड बघायचं नाही, आणि ही मावशी म्हणजे रस्सा सांडणारी बाई, एवढीच पोरीच्या लक्षात राहणार. हेडबाईंनी मिठी घट्ट केली.

पण मान वर केली तर घरमालकीण अजून दारातच उभी होती. पाव छातीशी धरून, चेहरा पडलेला. पोर रुसली म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी ती जागची हलली नव्हती. हेडबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चव हिची, कौतुक हिचं, लेक हिची, आणि आता हा मोठेपणासुद्धा हिनंच घ्यायचा? माझी चूक हिनं अंगावर घ्यायची, आणि मी हिच्या भिकेवर पोरीला कुरवाळत बसायचं?

"तिनं नाही सांडला," हेडबाई म्हणाल्या. "मी ओतला."

चिमणीनं डोकं वर केलं.

"मला वाटलं, तिनं केलाय. झाकण नव्हतं. नियमानं..." त्यांनाच ते वाक्य पुढे नेववेना.

चिमणीचे हात कमरेवरून सुटले. ती दोन पावलं मागे सरकली, दोघींच्या बरोबर मध्ये. रडणं थांबलं होतं. ती आईकडे निरखून बघत होती, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"चाखलास?"

"हो."

"कसा होता?"

"माझ्याहून चांगला. कितीतरी चांगला."

"मग ओतलास का?"

सासूबाई कप हातात घेऊन जिन्यात उभ्या होत्या. नवरा त्यांच्या मागे. घरमालकिणीला एक शब्द कळत नव्हता, तरी तीही उत्तराची वाट बघत होती.

"म्हणूनच," हेडबाई म्हणाल्या.