एका दिवसाचं घर

गवंडी खांबाला पाठ लावून उभा होता आणि क्रेनवाला खाली उतरून त्याला समजावत होता. वळण अरुंद आहे, मध्ये हा विजेचा खांब, तो हलल्याशिवाय क्रेन आत वळायची नाही. गेल्या खेपेलाही त्यानं हेच सांगितलं होतं. क्रेन आल्या वाटेनं परत गेली. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, "काय एकदिवसवाले, गेला का हाही दिवस?"

हे नाव गवंड्याला उगाच पडलं नव्हतं. झोपड्या पाडून तयार भिंतींची घरं द्यायची योजना आली, तेव्हा वस्तीच्या बैठकीत कुणी हूं की चूं करीना. उभा राहिला तो हाच. जन्म विटा रचण्यात गेलेला, पण कारखान्यात ओतलेल्या त्या सरळसोट भिंती पाहून तो मनापासून हरखला होता. भिंती आणायच्या, उभ्या करायच्या, सांधे भरायचे. एका दिवसात घर. विटांच्या घराला लागणारे महिने गरिबानं आणायचे कुठून? त्याच्या शब्दावर लोकांनी झोपड्या सोडल्या. सगळ्यात शेवटी सोडली त्याच्या आईनं, तीही कुरकुरत.

भिंती वेळेवर आल्या, आणि क्रेननं आत न्यायच्या म्हणून वळणाअलीकडच्या मैदानात उतरवल्या. नाव ठेवायला जागा नव्हती. पण रस्त्याच्या दिव्यांचं खातं कधी नव्हे ते त्यांच्याही आधी जागं झालं, आणि नव्या घरांसाठीचा खांब ऐन वळणावर रोवून मोकळं झालं. आता वीजवाले म्हणत, घरांच्या खात्यानं मागणी करावी. घरांचं खातं म्हणे, खांब आमचा नाही. हेलपाटे घालून गवंड्याच्या चपला झिजल्या, खांब तसूभर हलला नाही. वरचा दिवा मात्र भर दुपारीही जळत असायचा.

तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये आईला धाप लागे. आजींना पत्र्याखालून हलवा, एवढंच डॉक्टर सांगत. बायको एरवी शब्दानं दुखवणारी नव्हे, पण परवा सासूला वारा घालता घालता बोललीच, "थापी तुमच्याच हातात होती. चार विटा रचल्या असत्या तर आईंना सावली तरी झाली असती." विटा रचायला परवानगी नव्हती. जागा तयार भिंतींसाठी राखलेली होती.

संध्याकाळी तो परतला तेव्हा आई जागीच होती. क्रेन परत गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

"एका दिवसात उभं राहतं म्हणाला होतास."

"राहतं, आई. खोटं नाही बोललो. तो दिवसच येत नाही, त्याला मी काय करू?"

आई हात टेकून उठून बसली. मग म्हणाली, "मग माझं दार तरी दाखव. त्या दिवसाला सवड होईल तेव्हा होईल."

तिला हाताला धरून, जागोजागी थांबत, तो मैदानात घेऊन गेला. भिंती लोखंडी टेकूंवर ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्या घराची, दाराची भिंत टोकाला होती. दाराच्या जागी नुसती चौकट, आणि पलीकडे गुडघाभर गवत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं भिंतीवरून तळवा फिरवला. "गुळगुळीत आहे. तुझ्या हातची नाही."

"नाही."

मग तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि चपला काढल्या.

"आई, पलीकडे गवत आहे नुसतं. काटे असतील."

"ठाऊक आहे रे. डोळे शाबूत आहेत माझे."

चौकट धरून ती पलीकडे गेली. जरा श्वास घेतला, वळली, आणि दारात आलेल्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"बाहेर का उभा राहिलास? ये की आत."

त्यानं झिजलेल्या चपला काढल्या, तिच्या चपलांशेजारी नीट ओळीत लावल्या, आणि मान जराशी वाकवून तो आत गेला. बाहेर, खांबावरच्या दिव्याचा उजेड दोन्ही जोडांवर पडला होता.