भिंतीकडे तोंड

आईने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि संशोधक बाईंच्या अगदी खांद्याला खांदा लावून बसली. इथून बाईंचे डोळे, हात आणि टेबलावरची तिन्ही कार्डं एकदम नजरेत राहत होती. फौजदारानेही एवढी पाळत ठेवली नसती.

"पाणी," बाई म्हणाल्या.

समोर बसलेल्या मुलीचा हात कार्डांवरून फिरला, रेंगाळला आणि नागमोडी रेघेवर पडला. बरोबर. कार्डांवर चित्रं नव्हती, नुसत्या खुणा होत्या. नागमोडी रेघ म्हणजे पाणी, काळा त्रिकोण म्हणजे बूट, दोन ठिपके म्हणजे चेंडू. नऊ वर्षांत एकही शब्द न बोललेल्या या मुलीला खुणा खरोखर कळतात असं आज ठरलं, तर तिला खुणांची पाटी मिळणार होती. मग तहान लागली की डोकं आपटायचं कारण नव्हतं, बोट ठेवलं की झालं.

पण आईचं तोंड एकदा दुधाने पोळलं होतं, आता ती ताकही फुंकून पीत होती. मागच्या केंद्रात एक ताई मुलीचं मनगट धरून तिच्याकडून टाइप करून घ्यायच्या. 'आई, तू दमतेस ना?' असं पडद्यावर उमटलं, तेव्हा आई हमसून हमसून रडली होती, गावभर सांगत सुटली होती. मग एके दिवशी पाहिलं, तर लेक छताकडे बघतेय आणि अक्षरं आपली बिनचूक पडताहेत. लिहीत होत्या त्या ताईच. त्या रडण्याची तिला अजून लाज वाटायची.

"तुम्ही डोळ्यांनी सांगता तिला," आई म्हणाली.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी चेहऱ्यासमोर पुठ्ठा धरला. "चेंडू."

हात फिरला, रेंगाळला, दोन ठिपक्यांवर पडला.

"मग कार्डं मांडताना पुढेमागे करत असाल."

बाईंनी कार्डं आईलाच मांडायला दिली, दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून म्हणाल्या, "बूट." पुन्हा बरोबर.

आईने पदराने डोळे टिपले. "येतंय की हो हिला."

बाई दारातच थबकल्या होत्या. कपाळावर आठ्या होत्या.

"राग मानू नका ताई. आता तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करून बसा."

"मी? म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मुद्दाम नाही करत तुम्ही. पण तिचा हात बरोबर कार्डावर आला की तुमच्या भुवया वर जातात."

आईला हसूच आलं. "अहो, ती माझ्या तोंडाकडे बघतच नाही. जन्मापासून नाही. हाक मारली तरी मान वळत नाही, भुवया कुठल्या बघते."

तरी ती वळून बसली. कर नाही त्याला डर कशाला.

"पाणी," बाई मागून म्हणाल्या.

कार्डावर हात पडल्याचा आवाज आला नाही. मग खुर्ची सरकली. भिंत आणि आईचे गुडघे यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मुलगी अंग चोरून शिरली. हातातलं कार्ड तिने आईच्या हनुवटीखाली धरलं आणि थेट तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिली.

कार्डावर काळा त्रिकोण होता. बूट.

"ताई, चेहऱ्यावर काही दाखवू नका," बाई हळूच म्हणाल्या.

आईने ओठ घट्ट मिटले. लेक तिच्याकडे बघत होती, नजर न हलवता, वाट बघत.